चोवीस तोळे लाल दवा

आमच्या सास्तूरच्या विहिरीचं पाणी एकदा वांग्याच्या रंगाचं झालं होतं. ते मी केलं होतं, आणि शास्त्रशुद्ध पद्धतीनं केलं होतं.

निजामाचं राज्य होतं. मी हैदराबादला इंटरच्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकत होतो. शिक्षण सगळं उर्दूत, आणि उर्दूत या विषयाला म्हणतात 'कीमिया'. त्यामुळं मी तांब्याचं सोनं करायला शिकतोय अशी गावाची पक्की समजूत होती. सुट्टीत घरी आलो की शेजारणी भांडी घेऊन हजर व्हायच्या. (एक म्हातारी म्हणाली होती, "समदं नको, नुसता काठ केलास तरी चालंल.")

त्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात पटकीची साथ आली. एरवी अशा वेळी तहसिलीतून जमादार यायचा, विहिरीत लाल दवेची चिमूट सोडायचा आणि पाणी गुलाबी झालं की पुढच्या विहिरीकडं जायचा. लाल दवा म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. यंदा जमादारच आजारी पडला. त्यानं डबा पाटलांकडं धाडला आणि पाटलांनी तो आमच्याकडं. "तुमचं पोरगं कीमिया शिकतंय न्हवं? त्यालाच करू द्या."

नेमके दुसऱ्याच दिवशी उमरग्याचे बसवंतप्पा मला बघायला यायचे होते. धान्याचे मोठे व्यापारी. त्यांची मुलगी गिरिजा मी एका लग्नात ओझरती पाहिली होती, आणि तेव्हापासून माझं अभ्यासात लक्ष नव्हतं. (त्याआधीही फारसं नव्हतं, पण तेव्हा कारण नव्हतं.) हे स्थळ हातचं गेलं तर मी हैदराबादलाच राहीन, परत येणार नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. आणि बसवंतप्पांचा लौकिक असा, की आधीची तीन स्थळं त्यांनी पहिल्याच भेटीत परत पाठवली होती. त्यांच्यावर छाप पाडायची तर अशी संधी पुन्हा कुठून येणार?

"चिमूटभर टाक आन मोकळा हो," माझे वडील आप्पा म्हणाले.

"आप्पा, शास्त्रात चिमूट नसते. आपली विहीर किती खोल?"

"आठ पुरुष."

पुरुष म्हणजे उभा माणूस. आमच्याकडं विहिरीची खोली माणसांत मोजतात. एका पुरुषाचे मी सहा फूट धरले. रुंदी आईच्या लुगड्यानं मोजली. मग घनफूट काढले, घनफुटांचे गॅलन केले, गॅलनांवरून गुंजा आणि गुंजांचे तोळे. वहीची दोन पानं भरली. उत्तर आलं चोवीस तोळे, वर एक गुंज. ती वरची गुंज पाहून मला माझ्या अचूकपणाचं इतकं कौतुक वाटलं, की मी ते उत्तर तीनदा अधोरेखित केलं.

डबा घेऊन वजन करायला मल्लाप्पा वाण्याच्या दुकानात गेलो. चोवीस तोळ्यांना काटा बरोबर मध्ये आला, तेवढ्यात मल्लाप्पानं डब्यातली आणखी पसाभर दवा पारड्यात टाकली. पारडं धाडकन खाली.

"अहो, बरोबर चोवीसच हवेत."

"बरुबर माप कोन देतंय? लोक नावं ठिवतील. माझ्या दुकानातनं आजवर झुकतंच माप गेलंय."

"पण दवा माझीच आहे ना, मल्लाप्पा?"

"म्हनून काय तुला कमी देऊ?"

ती पसाभर दवा मी तशीच राहू दिली. वरच्या एका गुंजेसाठी मात्र मी त्याच्याशी बराच वेळ भांडलो आणि ती घालून घेतली.

घरी आलो तर आई विहिरीपाशी उभी. "उद्या पावनं यायचेत, त्यांच्या वाटनीची टाकली का?"

"आई, ही दवा आहे, भात नव्हे."

"आसू दे. येनाऱ्याच्या नावानं मूठभर जास्तच आसावं," असं म्हणत तिनं डब्यातली मूठ भरून परस्पर विहिरीत सोडली. मागोमाग मी माझी अचूक पुडी रिकामी केली.

पाणी गुलाबी झालं. मग जांभळं झालं. मग असं काही झालं की आप्पा काठावरून दोन पावलं मागं सरले.

"ह्ये आसंच आसतंय का रं?"

"असंच असतं. सकाळपर्यंत उतरतं," मी म्हणालो. हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

सकाळपर्यंत काही उतरलं नाही. उतरले ते बसवंतप्पा, बैलगाडीतून, ठरल्या वेळेच्या दोन तास आधी. पांढरंशुभ्र धोतर आणि तितकीच पांढरी, भरघोस मिशी. प्रवासाची धूळ म्हणून ते तडक न्हाणीत शिरले. आमची न्हाणी दिवसाही अंधारी. आम्ही तोंड उघडायच्या आत त्यांनी पहिला तांब्या डोक्यावर ओतलासुद्धा.

साबण लावून, भरपूर पाणी घेऊन ते बाहेर आले तेव्हा मिशी चहाच्या रंगाची झाली होती. (पाणी जांभळं असलं तरी या दवेचा डाग तपकिरीच पडतो.) भुवयाही तशाच. त्यांना स्वतःला पत्ता नव्हता.

"वैनी, आरसा द्या. विभूती लावतो."

"आरसा न्हाय," आई म्हणाली.

"एवढ्या घरात आरसा न्हाय?"

"पुसाया दिलाय." (कुणाकडं, ते तिनं सांगितलं नाही.)

"बरं, मग पान्यात बघतो," म्हणून ते विहिरीकडं निघाले. आप्पांनी डोळे मिटले. गिरिजा गेली, हे मला तिथंच कळलं.

बसवंतप्पांनी पोहरा ओढून काढला आणि त्यात वाकून आधी पाणी, मग आपली मिशी बराच वेळ न्याहाळली. मग वळले. "ह्ये कुनी केलं?"

आप्पांनी आईकडं पाहिलं, आईनं माझ्याकडं. माझ्यापुढं बघायला कुणी उरलं नव्हतं. मी वही आणून सगळं गणित वाचून दाखवलं. मल्लाप्पाचं झुकतं माप आणि आईची मूठही सांगितली.

"हीर आठ पुरुष," ते म्हणाले. "आन पानी किती?"

मी वहीत पाहिलं. वहीत पाणी नव्हतं. ऐन वैशाखात विहिरीत जेमतेम एक पुरुष पाणी होतं.

"हीर मोजलीस, पानी मोजलंच न्हाईस. तीन तोळ्यांत काम झालं आसतं."

"चुकलं त्याचं," आप्पा पुटपुटले.

बसवंतप्पा चहाच्या रंगाच्या मिशीवरून हात फिरवत राहिले. "ह्यो रंग किती दिस टिकतो?"

"आठवडाभर," मी अंदाजानं ठोकून दिलं.

"हं. वय कमी दिसतंय," ते म्हणाले, आणि मग आप्पांकडं वळले. "माझी गिरिजा हिशोबाला लई पक्की हाय. आधीची तिन्ही पोरं बी पक्की होती, म्हनून परत धाडली. एका घरात दोन पक्के आले, की रोज भांडन. तुमचं पोरगं मला पसंत हाय."

अशा तऱ्हेनं माझं लग्न ठरलं. पुढं मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. प्रयोगांच्या पुड्या इतक्या अचूक असायच्या, की तपासणीला येणारे साहेबही माझ्या हाताचं कौतुक करायचे. त्या पुड्या गिरिजा घरी मोजून, बांधून द्यायची. वरची नावं मात्र मीच लिहायचो. माझं अक्षर पहिल्यापासून चांगलं.