कापसाच्या बोळ्याची हाक

आमच्या शेजारच्या शकीलले हळू बोलताच येत नाही. साधं "मावशी, चहा झाला का?" म्हणते तं गल्लीच्या टोकाचं कुत्रं उठून बसते. मी कितीदा म्हटलं, "अरे बापा, मी काही बहिरी नाही." तं म्हणते, "मावशी, मशिनीत जिंदगी गेली, आता आवाजाचं माप राह्यलं नाही."

दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये तो फिटर होता. कापसातून सरकी काढणाऱ्या मशिनी सुरू झाल्या, की तिथं बोंबललं तरी बाजूच्याले ऐकू जात नाही. म्हणून तिथले लोक हातानं बोलतात. पट्टा उतरला, तेल घाल, चहा आला, सारं हातानं. आन् कोणाची पाठ असली तं? मंग कापसाचा बोळा करून त्याच्या पाठीवर मारायचा. तेच हाक. सरकी आत राहू द्यायची, नाही तं बोळा हवेतच राह्यते. मारणाऱ्यानं हात वर करायचा, ज्याले लागला त्यानं वळायचंच, मंग तो मालक असो का हमाल. जिनिंगमध्ये बोळ्याचा राग कोणी करत नाही.

त्याची पोरगी गझाला. माय रुबीनाच्या कडेवर होती तवाच माह्या मनात पाल चुकचुकली होती, पण शेजारणीनं असं तोंडातून कसं काढावं? एक दिवस शकील कामावरून आला. पोरगी अंगणात पाठमोरी बसून मातीत खेळून राह्यलती. त्याच्या खिशात कापूस होता, त्यानं सवयीनं बोळा मारला. गझाला वळली आन् खुदकन हसली. अजून मारला, अजून वळली. मंग त्यानं तिच्या मांगं उभं राहून थाळी बडवली. माह्या घरातून मी धावत आली, पण पोरगी मातीतून मान वर काढत नव्हती. शकील तिथंच मटकन बसला.

यवतमाळच्या डॉक्टरनं कानाले मशीन लावून देलं, पण त्यातून तिले नुसती घुमघुम येते. बोलणं ती ओठावरून ओळखते. घरची उर्दू ओळखते, शाळेतली मराठी ओळखते, आन् माही बोली बी ओळखते. सोता बोलते ते बापाच्या जिनिंगसारखं, हातानं. मी तोंडात सुपारी ठेवून बोलली तं कमरेवर हात ठेवून रागावते, अशी तिखट.

शाळेत तिले निकिता मॅडम भेटल्या, देवमाणूस. त्या फळ्याकडं तोंड करून बोलतच नव्हत्या. आमचं वावर कापसाचं, म्हणून वर्गासाठी टोपलंभर कापूस माह्याच घरून गेला. वर्गातली सारी पोट्टी तिले बोळा मारूनच हाक मारत. पाठीवर काही हलकं लागलं, म्हणजे आपल्याले कोणीतरी बोलावते, एवढं त्या लेकराले पक्कं ठाऊक होतं. याच्यापेक्षा वेगळं काही असू शकते हे तिले कोणी सांगतलंच नव्हतं. सांगायची गरज कायले पडते?

मंग जिनिंग बंद झालं. मालकानं मशिनी तेलंगणात विकल्या, वरंगलच्या एका कारखान्याले. तिथल्या मालकानं निरोप देला, मशिनीसंगं फिटर बी पाहिजे. राहाले खोली भेटन, घरचे घेऊन या. शकील त्या मशिनी ट्रकवर चढताना पाहून आला आन् दोन घास खाऊन उठला.

रुबीनाची तं झोपच उडाली. मले म्हणे, "मावशी, तिथं लोक तेलगू बोलते. मेरी बच्ची किसका मुँह पढेगी?" मले बी भेव वाटत होतं, पण मी वरून तिले दटावलं, "अवो, आधी शाळा तं पाहा! न पाहताच रडतं काय?" आन् मीच त्यांच्या संगं वरंगलले निघाली. मले कोणी बोलावलं नव्हतं. आमचे हे म्हणाले बी, "तू कायले जाते?" मी म्हटलं, "माह्याशिवाय या लोकाईले शाळा पाहता येणार नाही." खरं सांगू? मले घरी बसवलंच नसतं.

पहिली शाळा मोठी झकपक होती. दारात गेल्याबरोबर थंडगार हवा. बाई गोड बोलल्या, पहिल्या बाकावर बसवू म्हणाल्या. पण मी वर्गात डोकावली तं तिथला मास्तर पडद्यावरच्या चित्राकडं तोंड करून बोलून राह्यलता, आन् दिवे बंद. अंधारात कोणाचे ओठ दिसतात? रुबीनानं माह्या हाताले चिमटा काढला, चला म्हणून.

दुसरी शाळा न ऐकणाऱ्या लेकरांचीच होती. काय सांगू, तिथली लेकरं हातानं अशी भराभर बोलत होती, की पाहतच राहावं. मले वाटलं, झालं, देव पावला. पण लेकरू तिथंच वसतिगृहात ठेवा म्हणे, आन् जागा पुढल्या वर्षी. वसतिगृह म्हटल्याबरोबर रुबीनानं गझालाले पोटाशी धरलं. शकीलनं तरी नाव लिहून ठेवा म्हटलं. त्यावरून दोघांचं रस्त्यातच वाजलं.

तिसरी शाळा खोलीच्या जवळची, उर्दू शिकवणारी. भिंतीचा रंग उडालेला, पण मास्तरीण बाई समोर तोंड करून बोलत होत्या. रुबीनाचा चेहरा फुलला. दगडापेक्षा वीट मऊ, म्हटलं. बाई म्हणाल्या, "आज दुपारपर्यंत बसू द्या तिले, पाहू." आम्ही तिघं बाहेर निंबाखाली बसलो. शकील तं पहिल्यांदा हसला बी.

मधली सुट्टी झाली. लेकरं मैदानात आली. गझाला मधोमध उभी, नव्या जागी उभी राह्यते तशी, बावरलेली. कोणीतरी मांगून तिले हाक मारली असन. ती वळली नाही. अजून मारली. मंग एका पोट्ट्यानं खडूचा तुकडा तिच्या पाठीवर फेकला.

गझाला वळली. आन् हसली! अशी हसली, जशी आमच्या अंगणात हसते. तिनं साऱ्यांच्या तोंडाकडं पाह्यलं, हात कोणी वर केला ते शोधलं. हात कोणीच वर केला नव्हता. तं तिनंच आपला हात वर केला आन् त्यांच्याकडं धावली. पोट्टी खिदळली. तेवढ्यात दुसरीकडून तुकडा आला. ती तिकडं वळली, तिकडं बी हात वर केला, तिकडं बी धावली. मंग चोहीकडून सुरू झालं. पोरगी मधात गरगर फिरून राह्यलती, प्रत्येकाले हो देत. एक खडा कानावर लागला, मशीन खाली पडलं, आन् तरी माय, ती हसतच होती.

शकील धावला. मास्तरीण बाई बी धावल्या, पोट्ट्यांले रागावल्या. लेकरंच ती, त्यांले काय ठाऊक? गझाला धावत आमच्यापाशी आली, घामाघूम, आन् हातानं सांगू लागली: एवढे सारे जण मले बोलावून राह्यलते. इथं माहे गंज सारे दोस्त झाले. मले हीच शाळा पाहिजे.

रुबीना तोंडात पदर कोंबून रडली. कानाच्या मांगं रगत आलतं, ते मी पुसलं.

दिग्रसले परत आल्यावर रुबीना म्हणे, मी इथंच राहते पोरीले घेऊन. पण बापाशिवाय ती पोरगी जेवत नाही, आन् इथं शकीलले दुसरं काम नाही. ज्या हातानं मशिनी सांभाळल्या त्या हातानं तो दुसरं करन काय? शेवटी जायचंच ठरलं. पुढल्या वर्षी त्या न ऐकणाऱ्या लेकरांच्या शाळेत जागा भेटन, तवर त्या उर्दू शाळेत. "तवर" म्हणताना रुबीना पोरीले जवळ ओढे.

आन् मंग शकीलनं ते सुरू केलं, जे मले पाहवलं नाही. रोज सांजेले तो पोरीले अंगणात पाठमोरी उभी करे आन् मांगून बोळा मारे. ती हसत वळली, की तो मान हलवे. नाही. वळायचं नाही. अजून मारे, ती अजून वळे. नाही. समोर येऊन जो हाताले हात लावन, त्याचंच ऐकायचं. मांगून काही लागलं तं सरळ चालत बाईजवळ जायचं. पोरीले समजेच ना. बापच हाक मारते आन् बापच नको म्हणते! एकदा तं पाय आपटून रडली.

मले राहवलं नाही. भिंतीवरून ओरडली, "मेल्या, लाज वाटते का? एवढी एक हाक होती पोरीजवळ, तेही तोडून राह्यला?"

शकील भिंतीजवळ आला. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस माह्याशी हळू बोलला. "मावशी, तिथं मांगून येते ते सगळं हाक नसते. दगड बी असते. मले दिवसभर मशिनीवर उभं राहा लागन. मी तिच्या मांगं कुठं कुठं उभा राहू?"

मी घरात आली आन् चुलीपुढं बसून रडली. त्याच्यावर राग काढून काय फायदा होता? जे भेव त्याच्या पोटात, तेच माह्या.

जायच्या दिवशी मले उशीर झाला. तिच्यासाठी बेसनाचे लाडू बांधत होती. एसटी स्टँडवर पोचली तं यवतमाळची बस लागलेली, रुबीना सामान घेऊन आत बसलेली. गझाला बापाचं बोट धरून बसच्या दारापाशी पाठमोरी उभी होती. नवा फ्रॉक, दोन वेण्या. मधात माणसांची गर्दी, बोचकी. माह्याच्यानं धावणं होत नाही. पदराले कापूस लागलेला होता, वावरातून आलेला. विचार करायले वेळ कुठं होता? सवयच ते. मी बोळा केला आन् मारला.

बरोबर खांद्यावर लागला.

गझालाचे खांदे वर उचलले गेले. तिले लागला, मले दिसलं. मान थोडी हलली बी. मंग तिनं बापाचं बोट घट्ट धरलं आन् समोरच पाहत राह्यली.

शकीलले वाटलं पोरगी शिकली. त्यानं तिच्या पाठीवर थाप देली, शाब्बास म्हणून. मंग खाली पडलेला कापूस त्याले दिसला, त्यानं वळून पाह्यलं, आन् हात वर केलेली मी दिसली. त्याचं तोंड पांढरं पडलं. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली, मांगच्या लोकाईनं लोटलं, आन् तो तिच्यासंगं आत गेला.

मी लाडवाचा डबा छातीशी धरून जीव खाऊन ओरडली, "गझाला! अवो गझाला!"

सारं स्टँड माह्याकडं वळलं.