काचेच्या भांड्यातली बाई

एम. फार्म.च्या शेवटच्या वर्षी मी माझा प्रयोग उचलून माजलगावला घरी आणला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत वीज कमी आणि फुकटचे सल्ले जास्त होते. घरी आमच्या किराणा दुकानामागची खोली रिकामी होती. दुकानात तेव्हा गोरं करणाऱ्या क्रीमच्या पुड्या नुकत्याच दोरीला लटकायला लागल्या होत्या. त्या सगळ्यांना मागे टाकणारं मलम आपल्याच घरातून निघणार, याची मला खात्रीच होती.

प्रयोग साधा होता. कापलेलं वांगं हवेनं काळं पडतं, तशी कातडीही उन्हावाऱ्यानं झिजते. ते रोखणारं ई जीवनसत्त्व नुसतं चोळलं तर वरच्या वर राहतं. म्हणून ते पिठाहून बारीक कणांच्या पोटात भरायचं. ऑपरेशनचे आपोआप विरघळणारे टाके ज्या पदार्थाचे असतात, त्याचेच हे कण. कातडीत मुरून ते हळूहळू विरघळणार आणि जीवनसत्त्व सोडत राहणार. हे तपासायला काचेचं दुमजली भांडं होतं. मधे कातडीचा तुकडा ताणून बसवायचा, वर मलम, खाली विजेवर कोमट ठेवलेलं पाणी, आणि सगळं थर्मोकोलच्या पेटीत.

कातडी बकऱ्याच्या कानाची होती. आणि आमचं घर लिंगायताचं. गल्लीत अंड्याचं टरफल दिसलं तरी आई उंबरा धुऊन काढायची.

एका दुपारी ती खोलीच्या दारात उभी राहिली. "काय हाय रे ते?"

बकऱ्याचं म्हणालो तर भांड्यासकट रस्त्यावर जाईन, एवढं कळत होतं. माझ्या उच्चशिक्षित डोक्यानं हिशेब केला की मटण घरात चालणार नाही, पण माणूस काही मटण नव्हे.

"माणसाचं हाय, आई. दवाखान्याला दान दिलेलं."

आई ओरडली नाही. डोक्यावर पदर ओढून खाली बसली. "बाईचं का बाप्याचं?"

"बाईचं. आष्टीकडची होती." खोटं बोलताना मी तपशिलात कंजुषी करत नाही.

"बाकीची पुरली का?"

मी मान डोलावली आणि भांड्यातलं पाणी बदलायला लागलो. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग भांड्याकडे.

त्यानंतर ती येता-जाता तिथं थांबायला लागली. मी दोन भांडी मांडली होती. साध्या मलमाखालचा तुकडा काळा पडून वास मारू लागला, तो मी फेकला. कणांच्या मलमाखालचा मात्र गुलाबीच राहिला. तो इतका ताजा राहील असं मलाही वाटलं नव्हतं. आईनं वरचा काचेचा भाग काढून त्याच्यावर बोट ठेवलं.

"कोमट हाय. मेलेलं कोमट ऱ्हातं का?"

"खाली गरम पाणी असतंय, आई."

"लाईट तर सकाळपासून न्हाई."

मी बोट लावलं. कोमट होतं. थर्मोकोलच्या पेटीत ऊब टिकून राहते, हे मला पाठ होतं. पेटीचं झाकण मात्र उघडंच होतं.

त्या संध्याकाळी आईनं ताट दूर सरकवलं. "अर्धी मातीत, अर्धी माझ्या घरात. तिला मूठमाती दिल्याबिगर मी घास घेणार न्हाई." तिला साखरेचा आजार. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचे हात थरथरायला लागले.

"बोल बे आता, शास्त्रज्ञा!" थोरला भाऊ म्हणाला. "तुझं मलम लावू का आईला?"

बकऱ्याचं होतं असं सांगावं, तर ते तिनं बोटानं शिवलं होतं. उपास सुटायच्या ऐवजी वाढला असता. मी मुकाट्यानं कातडी सोडवली. कित्येक महिन्यांची मेहनत बेलाच्या पानावर मावली.

परसात भर उन्हात मी खड्डा खणला. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात.

"हिला बसवायची कशी?" आईनं विचारलं.

मी पान दुमडून उभं केलं. आईनं विभूती लावली. "माती नाव घेऊन द्यायची असती."

"आई, नाव तर मला..."

"तू गप. तिनं सांगितलंय मला."

ती खड्ड्यावर वाकली आणि अगदी ओळखीच्या बाईला हाक मारावी तसं एक नाव हळूच म्हणाली. आमच्या घरात, गल्लीत, नात्यात त्या नावाचं कुणीच नव्हतं. वारा नव्हता, तरी दुमडलेलं पान सावकाश उलगडलं. दुमडलेलं पान उलगडतंच, हे मीही जाणतो. मी घाईघाईनं माती लोटली.

आईनं हातपाय धुतले आणि भाकरी मागितली. ताक-भाकरी पोटभर खाल्ली, वर मलाही वाढली. मी तुकडा मोडला, पण नजर मागच्या खोलीच्या दाराकडे जात राहिली. शेवटी ते दार लावायला उठलो, तेव्हा आई म्हणाली, "बस. आता ती न्हाई घरात."