आत्याला कुशीवर वळवणारे हात

मी हे लिहावं का, ते मला अजून कळत नाही. आमच्या घरात माणूस गेल्यावर कुणी लिहीत नाही. रडतात आणि कामाला लागतात. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच. शब्द चुकले तर सांभाळून घ्यावं… पण सोनाआत्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

सोनाआत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. घाटंजीजवळच्या आमच्याच गावात राहायची. मला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा गावातली पोरं हसली. आत्या मात्र बाजारात भेटेल त्याला सांगायची, "आमचा बापू नर्सबाई झाला!" आणि मी तोंड पाडलं की म्हणायची, "हासू दे त्याहिले. मी पडली त मले तूच उचलजो."

या वर्षी तिला न्यूमोनिया झाला. यवतमाळच्या एका दवाखान्यात आयसीयूत ठेवलं. ताप, घाम आणि त्यात जुलाब लागलेले. काही दिवसांतच मांड्यांच्या आतली आणि कमरेखालची कातडी लाल झाली, मग ओलसर होऊन सोलली. घरचे म्हणाले, पडून पडून झालं. पण ती दाबानं झालेली जखम नव्हती; कातडी सतत भिजून नाजूक झाली होती. तिची सून, मंदावहिनी, भेटीच्या वेळेत पदराआड पावडरचा डबा न्यायची आणि लेकराला लावावी तशी ती भरभरून लावायची. ओल्यात तिचा लगदा व्हायचा आणि तोच घासायचा.

हे सगळं मला शिकवलं होतं. उमरखेडच्या कॉलेजातून सुटी काढून गेलो, तिचं अंग पुसायला हात धुतले, हातमोजे घातले. आत्यानं चादर गच्च धरली. तिला धाप लागत होती.

"तू नोको, बापू."

"आत्या, मले येते हे. शिकलो न मी."

"येत असंन. पण तू माह्या भावाचा पोरगा… मले लाज वाटते. त्या पोरीले बोलाव."

ती पोरगी म्हणजे प्रतिभा सिस्टर, माझ्याहून थोडीच मोठी. तिनं पडदा ओढला. मी हातमोजे घालून बाहेर उभा राहिलो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"आजी, मले मिठी मारल्यावानी धरा. हं… वळा."

"एवढी मिठी मारतं, तुह्या नवऱ्याले चालंन काय?"

"नवरा हाये कुठं? तुम्हीच पाहा न एखादा."

आत्या हसली. दम लागला तरी हसली… माझ्याशी ती त्या दवाखान्यात एकदाही हसली नव्हती. मी पडद्याआडून सिस्टरची चूक शोधत होतो. कोमट पाणी घेतलं का, कातडी घासली तर नाही, ओल धरून ठेवणाऱ्या चादरींच्या घड्या तर खाली अंथरल्या नाहीत. ती बाहेर येऊन वहिनीला सांगू लागली, "पावडर बंद करा वहिनी. हलक्या हातानं टिपायचं, मग हे मलम." सगळं बरोबर होतं. त्यामुळं मी आणखीच जळलो.

परीक्षेसाठी उमरखेडला परतलो. रोज सिस्टरला फोन करायचो आणि एकच विचारायचो, जखम कशी आहे. तिचं उत्तर मी जीव मुठीत धरून ऐकायचो. आणि ते चांगलं आलं की मला टोचायचं. आत्याची जखम मी स्वतः पाहिलीच नव्हती, ती मला परक्या मुलीकडून कळत होती.

प्रॅक्टिकल संपलं त्या दुपारी तिचाच फोन आला. तिनं आपणहून कधी केला नव्हता, हे माझ्या ध्यानात आलं नाही. ती बोलायच्या आधी मीच विचारलं, "जखम?"

"भरली… पूर्ण भरली. आज अंग पुसताना पाहिलं मी. कातडी कोरडी होती, चांगली."

मला बरं वाटलं. आणि लगेच मनात आलं, हिच्याच हातानं भरली, माझ्या नाही.

"दादा," ती म्हणाली, "ते अंग पुसणं शेवटचं होतं. आजी सकाळीच गेल्या."