जगदेवीची चिमूट

डोळ्यांवरचं ते यंत्र काढलं की जगदेवीचा हात आधी कपाळाकडं जायचा. सकाळी लावलेली विभूती यंत्राच्या मऊ गादीला लागून गेलेली असायची आणि कपाळावर उरायचा तो नुसता लाल वळ. मग ती ओल्या फडक्यानं गादी पुसायची, मान एकदा इकडं, एकदा तिकडं वळवून बघायची आणि खाटेवरच्या सासूला विचारायची, "अव्वा, चहा टाकू?"

"टाक की. आलीस का माघारी?"

अव्वांना, म्हणजे शिवबाईंना, खरंच वाटायचं की सून ते डोळ्यांवर चढवून कुठंतरी लांब जाते. वास्तविक ती खाटेपासून हातभर अंतरावर खुर्चीत बसलेली असायची. त्यांच्या घरात हातभराच्या पलीकडं जायला जागा होतीच कुठं! नवी पेठेच्या मागल्या बोळात, एका कापड दुकानाच्या डोक्यावर दोन खोल्या. एकीत स्वयंपाक, पाण्याचे पिंप आणि देवघर. दुसरीत अव्वांची खाट, कपाट आणि ही खुर्ची. खाली दिवसभर रिक्षांचे हॉर्न आणि "या ताई, बघून तर जा" असा पोरांचा पुकारा.

अव्वांची उजवी बाजू झटक्यानं गेली त्या वर्षी जगदेवीनं बाहेरची नोकरी सोडली आणि पुण्याच्या एका कंपनीचं घरबसल्या काम धरलं. दवाखान्यात भरती झालेल्या माणसांच्या विम्याच्या फायली तपासायच्या. एकीकडं दवाखान्याचं बिल, दुसरीकडं पॉलिसीचे नियम, मधे फॉर्म. सगळं जुळलं तर 'मंजूर', नाही तर 'परत'. लॅपटॉपच्या एवढ्याशा पडद्यावर हे तिन्ही कागद मागं-पुढं करता करता तिचे डोळे शिणून जायचे. तीन मोठे पडदे मांडायचे तर आधी खाट गॅलरीत काढावी लागली असती, आणि घराला गॅलरी नव्हती.

मग कंपनीनं घरून काम करणाऱ्या काही बायकांना हे यंत्र वापरून बघायला दिलं. डोळ्यांवर चढवलं की आपलं घर दिसतंच, खाट दिसते, अव्वा दिसतात, आणि त्यांच्या वर हवेत तीन भले मोठे पडदे लटकलेले असतात. ते आपल्यालाच दिसतात, दुसऱ्या कुणाला नाही. माउस नको, की बटणं नकोत. ज्या गोष्टीकडं शेवटी नजर गेली ती यंत्र धरून ठेवतं आणि अंगठा पहिल्या बोटाच्या टोकाला टेकवला की ती दाबली गेली. हात वर सुद्धा करायला नको. मांडीवर पडलेला हातही यंत्राला दिसतो.

पहिल्या दिवशी अव्वा बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जगू, कुणाच्या आमटीत मीठ टाकायलीस गं?"

जगदेवी हसली होती. तेव्हा हसायला यायचं.

पुढं पुढं ते यंत्र म्हणजे डोक्यावरचं ओझंच झालं. गालाची हाडं दुखायची. पाण्याच्या दिवशी नळ आला की ते तसंच कपाळावर सरकवून ती पिंपं भरायची आणि बोळातल्या बायका वर बघून म्हणायच्या, "जगदेवी, ईमान उडवायला चाललीस व्हय?" भाकऱ्या थापायच्या, अव्वांना कुशीवर वळवायचं, त्यांची पाठ पुसायची, पुन्हा यंत्र. तरी ती कुरकुरली नाही. पडदे मोठे होते, काम भरभर उरकत होतं आणि अव्वांनी हाक मारली तर ओ देता येत होती. एवढ्यावर ती समाधानी होती.

आणि मग चुका निघायला लागल्या.

कंपनीतला ऋतुराज तिच्या कामावर देखरेख करायचा. वयानं धाकटा, बोलायला मऊ. त्याचा फोन आला. "ताई, डिस्चार्जचा कागदच नाही आणि फाइल मंजूर कशी केलीत?"

"मी? मी ती फाइल निम्मीच वाचली होती, दादा. मंजूर कुठं केली?"

"तुमच्याच नावावर दिसतेय."

दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग उलटं झालं. बार्शीकडच्या एका म्हाताऱ्याची सगळी कागदपत्रं नीट असलेली फाइल 'परत' गेली. त्याच्या मुलानं फोनवर रडारड केली म्हणे. हे ऐकल्यावर जगदेवीला जेवण गेलं नाही. आपण झोपेत काम करतो का? बसल्या जागी डुलकी लागते का? थकवा तर एवढा होता की तसं झालं असतं तरी तिला नवल वाटलं नसतं. तिनं यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, कंपनीला कळवलं. त्यांनी तिकडून तपासून सांगितलं, यंत्र ठीक आहे.

यंत्र ठीक आहे म्हटल्यावर बिघडलेलं कोण, हे उघडच होतं.

अशा वेळी माणसानं दुसरं काय करायचं? तिनं ग्रामदैवत सिद्धरामेश्वरालाच घट्ट धरलं. अव्वांना झटका आला त्या दिवसापासून तिचा नेम होता. दिवसभर हाताला काम असो नसो, मनात 'ओम नमः शिवाय' चालू ठेवायचं. माळ घेऊन बसायला सवड नाही, म्हणून उजव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवायचा. भाजी निवडताना, दळणाच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर. इतक्या वर्षांत ते इतकं अंगात मुरलं होतं की श्वास घेतो तसा अंगठा फिरायचा. आता तिनं जप वाढवला. फाइल उघडली की जप, वाचताना जप, 'मंजूर' कडं बघितलं की मनात आणखी जोरानं, देवा, चूक होऊ देऊ नको.

चुका दुपटीनं वाढल्या.

शेवटी ऋतुराजनं निक्षून सांगितलं. "ताई, वरून विचारणा झालीय. सोमवारी मला उत्तर द्यायचंय. घरून काम करणाऱ्यांचं लक्ष राहत नाही असं त्यांचं म्हणणं. तुमचं यंत्र परत मागवतील आणि पुण्याला ऑफिसात यायला सांगतील. नाही तर..." 'नाही तर' म्हणजे नोकरीच जाणार.

नवरा गुरुशांत चिंचोळीच्या कारखान्यातून पाळी संपवून आला. तोंड धुतलं, जेवायला बसला, सगळं ऐकून घेतलं. त्याच्याही अंगात काही उरलेलं नसायचं.

"तू पुण्याला जाऊन राहणार कशी? आणि नोकरी सोडली तर अव्वाची औषधं, मालिशवाली..." भाकरीचा तुकडा हातातच राहिला. "काही दिवस अव्वाला श्रीपूरला माझ्या ताईकडं ठेवू. तितं माणसं हायत घरात."

"ताईंच्या घरात माणसं हायत, पण सगळी कारखान्यावर नि शेतावर. कुशीवर कोण वळवंल?"

"मग तूच सांग काय करायचं."

खाटेवरून अव्वांचा आवाज आला. झटक्यानंतर त्यांचे शब्द ओल्या कापडासारखे जड यायचे. "मला पाठवा श्रीपूरला. मी जाते की. गाडी सांगा."

अव्वांनी तोंड भिंतीकडं केलं. जगदेवीनं ताटं उचलली. रडू यायलाही जरा जीव लागतो. तोही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या मजल्यावरची अजीजा वर आली. ती घरात बसून ब्लाउज शिवायची आणि मशीनवर बसून कंबर मोडली की अव्वांपाशी येऊन टेकायची. जगदेवी कामात होती. अजीजा खाटेच्या कडेला बसून तिच्याकडं बघत राहिली.

"ताई, एक विचारू? मनात काय पढताय तुमी?"

जगदेवी दचकली. "म्हणजे?"

"न्हाई, आमी नमाजनंतर तसबीह करतो ना, माळ हाताशी नसली की अशीच पेरं मोजतो. तुमचा अंगठा बी तसाच फिरायलाय. म्हटलं, आपलं दोघींचं एकच हाय की!"

जगदेवीनं मान खाली घालून आपल्या हाताकडं बघितलं. मांडीवर उजवा हात उताणा पडला होता. अंगठा करंगळीच्या पेरावरून अनामिकेवर चालला होता, तिथून मधल्या बोटावर, तिथून पहिल्या बोटावर. तो पहिल्या बोटाच्या टोकाला टेकला आणि समोरच्या पडद्यावर, ती बघतही नव्हती अशी फाइल झपकन मिटली. कारण मान खाली घालण्याआधी तिची नजर शेवटी 'परत' या शब्दावर होती. ती फाइल परत गेली होती.

"अगं बाई," ती एवढंच म्हणाली.

"काय झालं? मी काय वाईट बोलले का?"

"न्हाई गं अजीजा. चोर सापडला." तिनं यंत्र काढलं आणि हात पुढं केला. "ह्यो बघ."

अजीजाला आधी काही कळेना. जगदेवीनं समजावून सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला! म्हणजे तुमी नाव घेताय देवाचं, आणि ते मशीन म्हणतंय, साहेबांचा हुकूम!"

अव्वा खाटेवरून हसल्या. श्रीपूरचा विषय निघाल्यापासून पहिल्यांदा हसल्या.

जगदेवीला मात्र हसू आलं नाही. जो नेम अव्वांसाठी धरला, तोच अव्वांना घराबाहेर काढायला निघाला होता. तिनं अंगठा आवरून धरायचा प्रयत्न केला. एक फाइल वाचून होते न होते तोच तो आपला पेरावर चढलेला. आवरला, पुन्हा चढला. अजीजानं खाली जाऊन अस्तराच्या कापडाची एक चिंधी आणली आणि अंगठा तळव्याशी धरून घट्ट बांधून टाकला. "राहा आता गप," असं त्या अंगठ्यालाच म्हणाली. जगदेवी डाव्या हातानं चिमूट करून काम करायला लागली. हळू होत होतं, पण चुकत नव्हतं.

तिनं ऋतुराजला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "ताई, माझी आजी पण असंच करते. माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं."

"आता काय होईल, दादा?"

"बघा, दोन मार्ग आहेत. यंत्राचा दोष म्हणून लिहितो, तुमच्या नावाला काही लागणार नाही. पण मग सगळ्यांचीच यंत्रं परत घेतील, आणि घरबसल्या कामही बंद. किंवा तुमच्या हातून झालं असं लिहितो. मग यंत्र आणि घरून काम राहील, मात्र यंत्र आल्यापासूनच्या तुमच्या सगळ्या फायली पुन्हा तपासाव्या लागतील. तुम्हालाच. रोजचं काम सांभाळून. सुट्टीच्या दिवशी वगैरे."

जगदेवीनं खाटेकडं बघितलं. अव्वा डोळे मिटून पडल्या होत्या, पण झोपल्या नव्हत्या. झोपल्या की त्यांचा जबडा सैल पडायचा. आत्ता तो घट्ट होता.

"माझ्या हातून झालं, असंच लिहा," ती म्हणाली. "आणि दादा, त्या बार्शीच्या आजोबांची फाइल पहिली लावा."

रविवारी गुरुशांतनं सकाळी पिंपं भरून दिली, भाकऱ्या सुद्धा थापल्या. त्या इतक्या जाड झाल्या की अव्वा म्हणाल्या, "ह्या भिंतीला लाव." जगदेवी उजव्या हाताला चिंधी बांधून खुर्चीत बसली. समोर जुन्या फायलींची रास उभी होती, ती वाचून संपेल असं तिला वाटतच नव्हतं. बार्शीच्या म्हाताऱ्याची फाइल तिनं दोनदा वाचली आणि डाव्या हातानं, जपून, 'मंजूर' केली. मग दुसरी. मग तिसरी.

हात बांधला तसं मनातलं नावही अडलं. इतक्या वर्षांची सवय, बोट हललं नाही तर ओठावर काही येईना. आतून सगळं रिकामं रिकामं वाटत होतं. डोळे जड झाले. ती थांबली.

"का गं थांबलीस?" अव्वांनी विचारलं.

"नाव येईना, अव्वा. हात बांधलाय ना."

अव्वांनी डावा हात चादरीवर ठेवला, बोटं पसरली. "तू तुझी कागदं बघ. तुझ्या वाटचं मी घेते."

"तुमाला बोलायला तरास होतो, अव्वा. आणि डाव्या हातानं..."

"उजवा उठतो का माझा? देवाला ठावं हाय की. आणि तोंडाला तरी काय काम हाय दुसरं दिवसभर? गप बस, अडवू नको मला." आणि त्यांनी मोठ्यानं सुरुवात केली. जड, ओला आवाज. 'नमः' मधला 'न' फुटायचा नाही, 'शिवाय' कधी अर्धंच यायचं. तरी एकामागून एक येत राहिलं, खालच्या रिक्षांच्या हॉर्नमधून, पोरांच्या पुकाऱ्यातून.

जगदेवी वाचायला लागली. मान दुखत होती, गाल दुखत होते. पण डोळ्यांवरची झापड जरा हटली होती. बिल, नियम, फॉर्म. बिल, नियम, फॉर्म.

मधेच अव्वा थांबल्या. "जगू, किती झाले गं?"

"मला काय ठाऊक? मी बिलं वाचायलेय."

"माझं तर इसरलं." त्यांनी चादरीवरची बोटं पुन्हा पसरली. "जाऊ दे. पहिल्यापास्नं घेते."