मेजर म्हटलं की मागे पाहणारा

आमच्या जिल्ह्यात फौजेतून परत आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात. मग तिकडे तो बंदूक चालवत असो की भाकऱ्या भाजत असो. चहावाला म्हणतो, कंडक्टर म्हणतो, आम्हीही म्हणत होतो. एसटी स्टँडच्या शेवटच्या बाकावर राहणारा हा म्हातारा, मूळचा कर्जतकडचा, अशी हाक आली की मागे वळून पाहायचा. आम्हाला वाटायचं, त्याला ऐकू कमी येतं.

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढले. वडील छापून आणायचे, आणि त्या गठ्ठ्यांवर बसून माझा अभ्यास व्हायचा. त्यामुळे मला आधी मथळा सुचतो, मग माणूस दिसतो. 'सीमेवर सलामी, गावात बाकडं' असा एक याच्यासाठीही तयार होता, आणि त्यातला एकही शब्द मी आज मागे घेणार नाही. ज्याचं तरुणपण देशाने वापरलं, त्याला म्हातारपणी छप्पर मागायला लागावं, ही लाज त्याची नाही. पण मथळ्याखाली झोपता येत नाही. म्हणून आम्ही मैत्रिणींनी आधी काम शोधलं. मार्केट यार्डात पेंडीच्या गोदामाला राखणदार हवा होता. गोदामवाला म्हणाला, सोमवारी पाठवा, पण राहायचा पत्ता पाहिजे. स्टँडवरचा माणूस मी ठेवणार नाही.

खोली भिंगारला मिळाली. घरमालकीणबाईंचे यजमान हयात असताना तिथल्याच लष्करी छावणीत साहेबलोकांच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. त्यांच्या लेखी मेजर म्हणजे खरोखरचा मेजर, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. बाईंनी खोली धुऊन घेतली, कॉटवर नवी चादर घातली, मोरीतली फुटकी फरशी बदलली. तो आला तेव्हा डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मेजरसाहेब, चहा आणू? त्याने मागे पाहिलं.

रविवारी सकाळी तो पुन्हा बाकावर. चादरीची घडीसुद्धा मोडली नाही हो, असं बाईंनी फोनवर सांगितलं. मी भांडायलाच गेले. उद्याचं काम जाईल, खोली हा हक्क आहे, उपकार नाही, सगळं बोलले. फलाटावरची घोषणा ऐकावी तसा तो ऐकत राहिला.

"ती खोली त्याची हाय," शेवटी म्हणाला.

"कुणाची?"

"मेजरसायबाची. बाई त्यालाच बोलावती. त्यो वरच राहिला, बर्फात. मी खच्चर घिऊन खाली आलो. त्याच्या कॉटवर मी कसा निजू, पोरी?"

इतके महिने आम्ही त्याच्या तोंडासमोर दुसऱ्याच कुणाला हाका मारत होतो, आणि तो दर वेळी बघत होता, आला का म्हणून.

तेवढ्यात बाई रिक्षाने येऊन पोचल्या. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही नक्की कोण होता तिकडं?"

"खच्चरवाला."

"मग आधी सांगायचं की. साहेबाला ही मोरी कशी दाखवू म्हणून माझी झोप उडालेली. खच्चरवाल्याला चालतीय ती."

त्याच्या ओठाची एक कड हलली. मग तो हळूच म्हणाला, "पर त्यो येतो माझ्यासंगं. रोजच. त्याला काय सांगू?"

"येऊ द्या," बाई म्हणाल्या. "मोरी एकच हाय, पाळीपाळीनं वापरा म्हणावं."

त्याने पिशवी उचलली. रिक्षात एका कडेला बाई बसल्या, दुसऱ्या कडेला तो. मध्ये माणूसभर जागा. रिक्षावाला मला म्हणाला, ताई, बसा की, जागा हाय. पण दोघांपैकी कुणीच सरकलं नाही.

तुम्ही व्हा पुढे, मी म्हटलं, आणि भिंगारपर्यंत चालत गेले.