आगबोट कंपनी

अमेरिकेतल्या कॅरी गावाहून ऑफिसला आम्ही चौघं आळीपाळीने एकेकाच्या गाडीतून जायचो. त्यातल्या एकाला जुन्या आगबोटींचं वेड. त्यांना कुणी 'स्टीमर' म्हटलेलंही त्याला खपत नसे. एकोणिसाव्या शतकात इथल्या किनाऱ्यावर जेमतेम दोन वर्षं चाललेली एक कंपनी त्याने कुठूनशी हुडकून काढली होती. गाडीत एखादा पाहुणा बसला, की तिची कहाणी सुरू.

"...आणि मग ती आगबोट कंपनी बुडाली!"

"अरेरे, आग लागली का? माणसं किती गेली?" पाहुणा हमखास विचारायचा.

"एकही नाही!" हा उखडायचा. "कंपनी बुडाली यार, बोटी नाही! बोटी मजेत तरंगत होत्या. दुसऱ्यांनी विकत घेतल्या, पुढे कितीतरी वर्षं चालवल्या." मग हायवेवरची आमची एक्झिट येईपर्यंत तो फुगून बसायचा आणि आम्ही मागे तोंडं दाबून हसायचो.

२००२ साली एका शुक्रवारी आमचीच कंपनी बंद झाली. टेबलावरचं सामान खोक्यांत भरून आम्ही पार्किंगमध्ये येऊन उभे राहिलो. नोकरी गेली म्हणजे व्हिसाही गेला. मी म्हटलं, "बुडालो रे!"

तो नेहमीसारखाच उखडला. "कितीदा सांगायचं तुला? कंपनी बुडाली. बोटी नाही!"

मग चौघांची खोकी डिकीत कोंबून त्याने डिकी धाडकन लावली. "बसा. आणि सोमवारी गाडी माझी, लक्षात ठेवा."

सोमवारी जायचं कुठे, हे कुणीच विचारलं नाही.