रावजीच्या पायातली उघाडी

पाणी खाली जातं, हे खारपट्ट्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. रेवसच्या अलीकडे खाडीच्या बांधावर रावजी म्हात्र्यानं चाळीस वर्षं हेच बघितलं. गावाची उघाडी त्याच्या हवाली. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातली मोरी. तिची लाकडी झडप फक्त खाडीकडे उघडते. ओहोटीला शेतातलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं, भरतीला खाडीच तिला दाबून बंद करते. खारं आत शिरलं तर भात गेलं.

म्हणून डाव्या पायाच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या, घोट्यावर जखम झाली, तेव्हा रावजीनं बांधकऱ्याचाच इलाज केला. नासकं रक्त वर चढू नये म्हणून गुडघ्याखाली फडक्याची करकचून गाठ मारली, आणि निचरा व्हावा म्हणून पाय खाटेवरून लोंबता ठेवला. बोराएवढी जखम बशीएवढी झाली.

"गावाचं पानी काडतोस, सोताच्या पायाचं निघंना!" म्हणत बायको सोनाबाईनं त्याला डॉक्टरिणीकडे नेलं.

अंबिका डॉक्टरीण गाठ बघून हबकलीच. "काका, पाय छातीपेक्षा वर ठेवायचा. चाला, नाहीतर आडवे व्हा. उभं राहायचं नाही."

"म्हंजे घान काळजाकडं चडवू?"

"ते रक्त वरच निघालंय. तुम्ही त्याच्या वाटेत बांध घातलात."

रावजीला काही उमगेना. "पुनवेचं उधान आठ दिसांवर हाय. उघाडीवर उबा ऱ्हाऊ का नको, येवडं सांग, बाय."

"असंच चाललं तर उभं राहायला पाय उरणार नाही."

तिनं त्याच्या दंडाला रबर बांधलं. हातावर शीर फुगली, मधे गाठीगाठी. एका बोटानं शीर दाबून दुसऱ्यानं तिनं रक्त वर, गाठीपलीकडे सारलं आणि वरचं बोट काढलं. मधली शीर रिकामीच.

"वरनं का न्हाय उतरलं?"

"गाठीत झडप आहे. वर उघडते, खाली येऊ देत नाही." तिनं खालचं बोट उचललं. शीर खालून भर्रकन भरली. "चारशे वर्षांपूर्वी विल्यम हार्वे नावाच्या इंग्रज वैद्यानं असंच दाखवलं. तोवर मोठमोठे वैद्य समजत, शेतात पाणी जिरतं तसं रक्त अंगात जिरतं. हा म्हणाला, जिरत नाही, फिरतं. काळीज ढकलतं, तेच परत येतं."

"मानलं लोकांनी?"

"वेडा म्हणाले. रोगी त्याच्याकडे यायचे कमी झाले म्हणतात. शिवाय काळजाकडून जाणाऱ्या नळीतून परत येणाऱ्या नळीत रक्त शिरतं कुठून, ते त्याला मरेपर्यंत दिसलं नाही. मागाहून दुसऱ्याला सापडलं."

हे ऐकून रावजीला जरा बरं वाटलं. शोधणाऱ्यालाही सगळं कळलं नव्हतं तर.

"तुमच्या पायातल्या झडपा सैल झाल्यात," ती म्हणाली.

सैल झडप त्याला कळत होती. पण मोरीतलं पाणी ओहोटी ओढते. पायातलं वर कोण चढवतो, असं त्यानं विचारलं.

"पोटरी. चाललात की ती पिळते."

तिनं बोटांपासून वरपर्यंत पट्टी बांधून दिली. आठ दिवस रावजी भाताच्या गोणीवर पाय टाकून पडला. आपल्याला उलटं टांगलंय, असंच त्याला वाटत राहिलं.

पुनवेला दुपारी उधाण चढलं. उघाडीवर शेजारचा सदा उभा, आणि रावजी बांधावर इकडून तिकडे फेऱ्या घालतोय.

"काका, काय हरवलं काय?"

"तू झडपंकडं बघ, भाड्या! फळी नीट बसली का?"

फळी धप्पकन बसली. आत थेंब आला नाही. रावजी बांधावर उताणा झाला, पाय पालथ्या घमेल्यावर टाकले. हातावरची शीर दाबली, पुसली, सोडली. भरली खालूनच.

संध्याकाळी घरी सोनाबाईनं पट्टी सोडून बघितलं. इतके दिवस वाहणारी जखम कडेनं कोरडी पडू लागली होती.

"आता तरी पटलं का?"

"पटलं. कळलं न्हाय," रावजी म्हणाला, आणि पुन्हा शीर दाबून बसला.